लाकडं चारी बाजूंनी झाकली तरी ओलीच कशी? (बुखारीचं जळण, मदत हवी आहे)

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी. प्रश्न मुंबईतून विचारतोय म्हणून आधी काय ते हसून घ्या. मुंबईचा आजवरचा सगळ्यात कमी आकडा ७.४ डिग्री, तोही २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला, त्यामुळे इथे घर गरम करायची वेळ कोणावर येत नाही. पण आम्ही महाबळेश्वर-पाचगणीच्या मधल्या भिलारजवळ एक छोटं घर बांधलंय, दोन खोल्या आणि एक हॉल. डिसेंबर-जानेवारीत रात्री तिथे हाडं गोठतात आणि आमच्या आईचे गुडघे अजिबात ऐकत नाहीत, त्यात वारा सुटला की लाइट जाते म्हणून इलेक्ट्रिक हीटरवर भरवसा नाही. मग हिमाचलमध्ये असते तशी लोखंडी बुखारी, म्हणजे लाकडावर चालणारी बंद शेगडी, बसवून घेतली, काचेचं दार, वर पाइप, छपरातून बाहेर काढलेला, एकदम झक्कास.

तर मे महिन्यात तिकडच्याच एका माणसाकडून पिकअप भरून लाकडं घेतली, काट्यावर ११०० किलो भरली. पाऊस यायच्या आत घराच्या पश्चिमेच्या भिंतीला लावून रचली आणि निळी ताडपत्री आणून वरून खालून चारी बाजूंनी गुंडाळून दोरीने आवळून टाकली, एक थेंब आत जाणार नाही अशी. नाताळच्या आठवड्यात सगळे वर गेलो, मोठ्या थाटात ताडपत्री सोडली तर आतून असा वास आला की बायको म्हणाली काहीतरी मेलंय आत. लाकडांवर पांढरी बुरशी, खालच्या दोन थरांना वाळवी, आणि बुखारीत घातली तर पेटेनात, टोकांतून फेस येऊन सूं सूं आवाज, काच अर्ध्या तासात काळी, आणि दार उघडलं की सगळा धूर हॉलमध्ये. आई शाल गुंडाळून म्हणाली, यापेक्षा मुलुंडलाच बरी होते मी.

एक थेंब पाणी आत गेलं नाही हे मी शपथेवर सांगतो, मग ओली झाली कशी? आणि पुढच्या वर्षी काय करू? लाकूड कोणतं घ्यायचं, कधी घ्यायचं, कुठे ठेवायचं, जे माहीत असेल ते सांगा, मी लाकडाच्या बाबतीत ढ आहे.

लालबागचा_वखारवाला

भाऊ, पाणी आत गेलं नाही पण बाहेर तरी कुठून जाणार होतं? मे महिन्यात तुम्हाला जे दिलं ते ताजं तोडलेलं होतं. ताज्या लाकडाचं निम्मं वजन पाणीच असतं. ते तुम्ही ताडपत्रीत बांधून सहा-सात महिने वाफेवर ठेवलंत, इडल्या करतात तसं.

आमच्या आजोबांची भायखळ्याला जळाऊ लाकडाची वखार होती. चाळीत मोरीत बंब असायचा सगळ्यांकडे, सकाळी अंघोळीचं पाणी त्याच्यावर, त्यामुळे धंदा बारा महिने. नंतर गॅस आला, गिझर आले, वखार गेली, जागेवर आता टॉवर आहे. पण लहानपणी सुट्टीत तिथे बसलोय म्हणून सांगतो, वखारीतला पहिला धडा हा की ओलं लाकूड वजनावर घ्यायचं नाही. काही वखारवाले संध्याकाळी ढिगावर पाइपने पाणी मारायचे, म्हणायचे धूळ बसते, धूळ कसली बसते, वजन वाढतं. आजोबा मारायचे की नाही ते विचारू नका.

हिशोब करा, ११०० किलो ओल्यातनं नीट सुकल्यावर साडेसहाशेच्या आसपास राहील. म्हणजे चारशेहून जास्त किलो पाण्याचे पैसे देऊन आलात तुम्ही. ओलं घ्यायचं असेल तर ब्रासवर घ्या. रेती-खडी घेतो तसंच, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, रचून दाखव म्हणायचं आणि टेप लावायची. पाणी उडालं म्हणून लाकूड काही अर्धं होत नाही, थोडंसं आकसतं एवढंच. सुकं घ्यायचं असेल तर मग वजनावर घेतलं तरी चालेल, पण सुकं आहे हे आपण ठरवायचं, विकणाऱ्याने नाही.

ओळखायचं कसं तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. सुकं असेल तर टण् वाजतं, ओलं असेल तर थप्. टोकाला मधून बाहेर चिरा गेलेल्या असतात, साल हाताने सुटते, आणि आकाराच्या मानाने हलकं लागतं. फसवायचं म्हणून टोकं उन्हात सुकवून देतात, तेव्हा एक तुकडा तिथल्या तिथे फोडायला लावा आणि आतल्या बाजूला गाल लावा. गार लागलं तर घेऊ नका. हसू नका, खरंच गाल लावायचा, तळहातापेक्षा गालाला जास्त कळतं.

आगोट

वखारवाले दादांना अनुमोदन. माझं माहेर लांज्याकडे आणि सासर परळ. आमच्याकडे आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आधी लाकूडफाटा भरणं हे लग्नकार्यासारखं काम असायचं. पण लक्षात घ्या, भरायचो मे मध्ये, तोडायचो नाही मे मध्ये! फांद्या उतरवायच्या दिवाळीनंतर, फोडून अंगणात उभ्या-आडव्या रचून उन्हात टाकायच्या शिमग्यापर्यंत, आणि मग चैत्र-वैशाखात सुकलेलं जळण खोपीत जायचं. तुम्ही दिवाळीचं काम आगोटीला केलंत.

सासूबाई मालवणच्या, त्यांचं वाक्य, "आगोटीक लाकडां भरूक नाय तर चूल रडता." चूल काय, धुराने आम्हीच रडायचो.

खोप म्हणजे काय तर चार मेढी, वर पेंढा किंवा नंतर पत्रा, आणि बाजूंना काही नाही, फक्त पावसाच्या अंगाला झावळ्यांची झड. तीन बाजू उघड्या. खाली जांभा चिरे मांडून त्यावर आडव्या फांद्या, मग लाकडं. एवढ्या पावसात तीन बाजू उघड्या ठेवून लाकूड सुकं राहायचं आणि तुमचं चारी बाजूंनी बंद करून कुजलं, यातच उत्तर आलं. शिवाय रोजच्या वापरातली चार दिवसांची लाकडं चुलीच्या वरच्या माळ्यावर असायची, चुलीची धग लागून खडखडीत व्हायची. तुम्हीही बुखारीच्या बाजूला एक-दोन दिवसांची टोपली ठेवा, पण चिकटून नको, हातभर लांब, नाहीतर टोपलीच पेटेल.

आणि हो, ढिगात हात घालायच्या आधी काठीने वाजवायचं. आमच्याकडे फुरसं निघालंय दोनदा आणि विंचू तर मोजले नाहीत. जाड हातमोजे घाला, वरून एकेक उचला, मधूनच ओढू नका.

बर्फातला_बोरिवलीकर

मी नऊ वर्षं कॅनडात ओंटारिओत काढून आता परत बोरिवलीत आलोय, तिकडे घरात लाकडाचा स्टोव्ह होता, उणे पंचवीसमध्ये तोच आधार, त्यामुळे या विषयावर मला कोणी थांबवू शकत नाही, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, वर आगोटताई जे म्हणाल्या तेच तिकडे लोक करतात फक्त कॅलेंडर वेगळं. तिकडे हिवाळ्याच्या शेवटी तोडतात-फोडतात, उन्हाळाभर वाऱ्यावर सुकवतात, काही जातींना दोन उन्हाळे लागतात. माझा शेजारी म्हातारा शेतकरी होता, त्याचा नियम, यंदा जाळायचं ते गेल्या वर्षी रचलेलं असलं पाहिजे. विकत घेताना कॉर्ड नावाचं माप, आठ फूट लांब चार फूट रुंद चार फूट उंच, १२८ घनफूट, म्हणजे वखारवाल्यांच्या भाषेत सव्वा ब्रास. बघा, तिकडेही वजनावर कोणी घेत नाही.

दुसरं, ओलं लाकूड जाळलं तर नक्की काय होतं. एक किलो नीट सुकलेलं लाकूड म्हणजे ढोबळ चार युनिट उष्णता, तीच विजेच्या बिलातली युनिट. निम्मं पाणी असलेल्या लाकडातून किलोमागे दोन-सव्वादोन युनिट, कारण किलोत लाकूडच अर्धं, आणि वरून त्यातलं पाणी उकळवून वाफ करायला उष्णता जाते. ती वाफ पाइपने छपरावर, आणि तुम्ही शालीत. त्याच्याहून वाईट म्हणजे आग थंड राहते, धूर पूर्ण जळत नाही, आणि तो धूर वर गार पाइपला लागून डांबरासारखा काळा चिकट थर धरतो. तो थर कधीतरी पेट घेतो आणि पाइपच्या आत आग लागते, तिकडे घरं जळतात त्याने. तेव्हा नाताळात जेवढं ओलं जाळलंत तेवढ्यासाठी पुढच्या वेळी पेटवायच्या आधी पाइप उतरवून ब्रशने घासून घ्या, हे कृपया विसरू नका. आणि काच काळी झाली म्हणजे एकतर लाकूड ओलं किंवा हवेची झडप फार बंद. रात्रभर टिकावी म्हणून झडप बंद करून धुमसत ठेवतात लोक, ते करू नका, थोडंच घाला पण भडभडा जाळा.

तिसरं, एक छोटं मीटर मिळतं दोन पिनांचं, लाकडात टोचलं की ओलाव्याचा टक्का दाखवतं, ऑनलाइन मिळतं आणि फार महाग नाही. वीसच्या खाली आला की जाळा. पण टोकाला किंवा सालीवर टोचू नका, तुकडा फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. मीटर नको असेल तर वजनकाटा पुरे, चार तुकड्यांवर खडूने नंबर टाका, दर महिन्याला वजन करा, वजन उतरायचं थांबलं की सुकलं.

चौथं, आणि हे कोणी सांगत नाही, फोडल्याशिवाय सुकत नाही. झाडात पाणी उभ्या नळ्यांतून चालतं, त्यामुळे ते टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून बाहेर पडतं, साल म्हणजे रेनकोट. अख्खा गोल ओंडका दोन वर्षं ठेवलात तरी आत ओला. बुखारीच्या तोंडापेक्षा चार बोटं कमी लांबीचे तुकडे, मनगटाएवढे ते दंडाएवढे जाड, एवढंच. निलगिरीसारखं लाकूड ओलं असतानाच फोडा, सुकल्यावर कुऱ्हाड परत येते. पिळाचं किंवा गाठीचं असेल तर पाचर आणि घण, आणि पायात चप्पल घालून फोडू नका प्लीज, माझ्या एका मित्राचा अंगठा...जाऊ दे.

मुलुंड_पूर्व

बापरे, एवढं? धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे तीन चुका, ओलं घेतलं, अख्खं ठेवलं, गुंडाळून टाकलं. पण एक कळलं नाही, सुकं लाकूड जरी घेतलं असतं तरी तिकडच्या पावसात, धुक्यात, जून ते सप्टेंबर ते सुकं राहिलं असतं का? आमच्या तिथे कपाटातले कपडे ओले होतात हो.

बर्फातला_बोरिवलीकर

बरोबर पकडलंत. लाकूड हवेशी देवाणघेवाण करत राहतं. हवेत पासष्ट टक्के आर्द्रता असेल तर लाकूड बाराच्या आसपास स्थिरावतं, नव्वद टक्के असेल तर विसाच्या आसपास, आणि तुमच्या धुक्यात त्याच्याही वर जाईल. पण हे नंतर प्यायलेलं पाणी आणि झाडातलं मूळचं पाणी यात फरक आहे, हे बरंचसं वरवरचं असतं आणि पाऊस गेला की वारा लागून तीन-चार आठवड्यांत निघून जातं. आपली ऑक्टोबर हीट शिव्या खाते पण लाकडाला तिच्यासारखं काही नाही. फक्त तेव्हा ताडपत्री सुटलेली पाहिजे.

वाईकर_सध्या_घाटकोपर

मी मूळचा वाईचा. तुम्ही सगळे एवढं शास्त्र सांगताय पण सोपी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही. लाकडं पावसाळ्यात वर ठेवायचीच कशाला?

महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, पाचगणीला त्याच्यापेक्षा कितीतरी कमी, आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की अजून कमी. दहा-बारा किलोमीटरचा घाट, पण वर छत्री उलटी होते तेव्हा खाली आमच्याकडे कधी कधी ऊन असतं. म्हणून लाकूड वाईतच घ्या, बाभूळ किंवा सुबाभूळ, दिवाळीच्या सुमाराला, फोडून घ्या, पुढचा पावसाळा खाली कोणाच्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये काढू द्या आणि दसरा झाला की लागेल तेवढं वर न्या. आमच्या घरामागे गुरांची जुनी शेड आहे, गुरं आता नाहीत, भाऊ म्हणाला तर तिथे ठेवा हवं तर, व्यनि (खासगी निरोप) करतो.

आणि एक, तुमच्या घराजवळचं झाड तोडायचा विचार मनात आणू नका. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, आणि खासगी जागेतल्या झाडांनासुद्धा १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहेच. तुम्हाला त्या माणसाने कोणतं लाकूड दिलं? बारीक पानांचं, वाकडंतिकडं, अतिशय जड असेल तर ते अंजनीचं असणार, म्हणजे जंगलातलं. पुढच्या वेळी पावती मागा, पावती नाही तर लाकूड नाही.

मुलुंड_पूर्व

वाईकर, वाकडंतिकडं आणि जड होतं हो. आता लाज वाटायला लागली. पावती बिवती काही नव्हती. तुमचा व्यनि मिळाला, फोन करतो.

श्वास_मोकळा

माझं मत कोणाला आवडणार नाही पण लिहिते. मी छातीच्या रोगांच्या वॉर्डमध्ये काम करते. आपण मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या पाव भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर न्या असा आदेश दिला तेव्हा खूश झालो, आणि मग वीकेंडला डोंगरात जाऊन तोच धूर करायचा? आईंचे गुडघे दुखतात ते मान्य, पण त्यांची फुप्फुसंही त्याच वयाची आहेत. दोन चांगल्या रजया, गरम पाण्याची पिशवी, खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या, आणि इन्व्हर्टरवर नाही चालत पण लाइट असेपर्यंत तेलाचा रेडिएटर, एवढ्यात निम्मं काम होतं. फटी बुजवणं तर लाकडापेक्षा स्वस्त.

जाळणारच असाल तर एक सांगते ते मात्र ऐका. झोपताना विस्तव पूर्ण विझलेला पाहिजे किंवा पाइपचा ओढा चांगला आहे याची खात्री पाहिजे, आणि एक खिडकी बोटभर उघडी. उघडी शेगडी किंवा घमेल्यात निखारे घेऊन बंद खोलीत झोपणारे लोक दर हिवाळ्यात सकाळी उठत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूर नाही म्हणजे धोका नाही असं नसतं. अलार्म मिळतो, लावून घ्या. फटींना पट्ट्या आणि बुखारी दोन्ही असेल तर हवा यायला जागा ठेवलीच पाहिजे.

बर्फातला_बोरिवलीकर

ताई, आवडलं नाही असं नाही, अलार्मचं मीच आधी लिहायला हवं होतं, तिकडे आमच्या घरी प्रत्येक मजल्यावर होता. फटींचं तर शंभर टक्के. फक्त सुकं लाकूड बंद स्टोव्हमध्ये भडभडून जाळलं तर धूर खूपच कमी होतो, छपरावर बघितलं तर नुसती हवा थरथरताना दिसते. उघडी फायरप्लेस मात्र निव्वळ शोभा, तिच्यात बहुतेक उष्णता वर निघून जाते आणि खोलीतली गरम हवाही सोबत ओढून नेते. बुखारी घेतली ते बरं केलं.

परळ_ते_पनवेल

मध्येच घुसतो. आमच्या ऑफिसमागे पॅकिंगच्या खोक्यांची लाकडं आणि जुनं फर्निचर ढिगाने पडलेलं असतं, फुकट नेता येतं, सुकंठाक. ते का नाही जाळायचं? भट्टीवाले नेतातच की.

लालबागचा_वखारवाला

नेतात म्हणूनच तर कोर्टात गेलं ना प्रकरण. प्लायवूड, सनमायका, रंग दिलेलं, पॉलिश केलेलं, वाळवीचं औषध मारलेलं, यातलं काही घरात जाळायचं नाही, त्यातला गोंद आणि रंग नाकात जातो आणि राखेतही राहतो. कोरं, रंग न लावलेलं देवदाराचं खोकं असेल तर ढलप्या करून पेटवणासाठी ठीक, पण खिळे काढा. आणि पेटवायला रॉकेल-पेट्रोल ओतू नका, दोन जाड लाकडं खाली, वर बारीक, सगळ्यात वर ढलप्या, आणि वरून पेटवायचं. चुलीत आपण खालून पेटवतो पण बंद बुखारीत वरून पेटवलं की धूर कमी होतो.

लाकडाच्या जाती कोणी नीट लिहिल्या नाहीत म्हणून लिहितो. बाभूळ राजा, निखारा टिकतो. चिंच बाभळीच्या तोडीची पण फोडणाऱ्याचा जीव घेते. जांभूळ चांगलं. निलगिरी चांगली, पण पूर्ण सुकू दे, नाहीतर काजळी. सुबाभूळ मध्यम, लवकर सुकते, नवशिक्याला बरी. आंबा स्वस्त मिळतो, नीट सुकला तर जळतो, पण ठेवला की भुंगा लागतो, खाली पिठासारखा भुसा पडलेला दिसेल. सिल्व्हर ओक हलकं, भडकन पेटतं आणि भडकन विझतं. पांगारा, सावर, शेवगा फुकट दिला तरी घरी आणू नका. नारळाच्या करवंट्या मात्र आणा, मूठभर करवंट्या म्हणजे अर्धं पेटवण झालं, आणि त्या मुलुंडला घरातच जमतात.

आगोट

वाळवीसाठी काय करणार ते राहिलं. जमिनीला लाकूड लागता कामा नये, वीतभर तरी वर, चिरे नाहीतर सिमेंटचे ब्लॉक. भिंतीलाही चिकटवू नका, मध्ये हात जाईल एवढी फट. जाळायच्या लाकडांवर औषध फवारू नका, तोच धूर घरात येतो. आणि पश्चिमेच्या भिंतीला का लावली होतीत? पाऊस तिकडूनच येतो. त्या भिंतीला लोक झडी बांधतात आणि तुम्ही लाकडं ठेवलीत. पूर्वेला ठेवा, सकाळचं ऊन मिळेल, पाऊस घर झेलेल. वर पत्रा, तो पुढे दोन हात आलेला, बस्स. ताडपत्री असेलच तर फक्त टोपीसारखी, डोक्यावर, लुंगीसारखी नाही.

बर्फातला_बोरिवलीकर

लुंगी 😂

शेवटचा हिशोब देऊन थांबतो. तुमचा हॉल लहान आहे, तासाला चार युनिट उष्णता बास. संध्याकाळचे पाच तास म्हणजे वीस. चांगल्या बुखारीत लाकडातली साधारण पासष्ट टक्के उष्णता घरात राहते, म्हणून लाकडातून एकतीस युनिट लागणार, किलोला चार धरून रात्रीचं आठ किलो सुकं लाकूड. महिन्यातनं किती वेळा जाता?

मुलुंड_पूर्व

थंडीत जवळपास दर वीकेंडला, दोन रात्री. नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी अखेर धरा पंधरा वीकेंड.

बर्फातला_बोरिवलीकर

तीस रात्री गुणिले आठ, २४० किलो. रचलं तर अर्धा घनमीटरच्या आसपास, एका जुन्या लोखंडी पलंगाखाली मावेल. आणि तुम्ही घेतलं ११०० किलो!

लालबागचा_वखारवाला

आजोबांना असं गिऱ्हाईक हवं होतं.

मुलुंड_पूर्व

(धागा वर काढतोय, दहा महिने झाले, अपडेट द्यायचं कबूल केलं होतं.)

तर मंडळी, जानेवारीतच जुनी लाकडं सगळी पसरून बघितली, वाळवी लागलेली आणि कुजलेली बाजूला काढली, ती पालापाचोळ्यात गेली. उरलेली फोडायला तिथला एक मुलगा लावला, एक दिवस मीही कुऱ्हाड मारून बघितली आणि दुसऱ्या दिवशी मुलुंडला लिफ्टचं बटण दाबायला हात वर होईना. फोडलेली मे पर्यंत पूर्वेला उन्हात ठेवली, मग टेम्पोने वाईकरांच्या भावाच्या गुरांच्या शेडमध्ये. पाइप उतरवून घासला, वखारवाले, तुमच्या डांबराचा अंदाज चुकला नाही, घमेलंभर निघालं (डांबराचं बोरिवलीकर म्हणाले होते, माफी, सगळ्यांचं इतकं वाचलंय की कोणी काय सांगितलं ते सरमिसळ होतं).

नवीन काही घेतलं नाही. दसऱ्यानंतर सव्वाशे किलो वर नेलं, बाकी अजून खाली. मीटर आणलं, फोडून आत टोचलं, १६, १७, १५, एक हट्टी गाठीचा तुकडा २४, तो परत शेडमध्ये. पट्ट्या लावल्या, अलार्म लावला, खिडकी बोटभर उघडी ठेवतो. गेल्या शनिवारी वरून पेटवली, काच रात्री दहापर्यंत स्वच्छ, बाहेर जाऊन छपराकडे बघितलं तर धूर दिसत नव्हता, मला वाटलं विझली, आत पळत आलो तर व्यवस्थित चालू. आई खुर्ची ओढून इतकी जवळ बसली की दोनदा मागे सरकवावी लागली.

आठ किलोचा हिशोब मात्र चुकला, आम्हाला सहाच लागलं. पट्ट्यांमुळे असावं.

श्वास_मोकळा

पट्ट्यांमुळेच.

वाईकर_सध्या_घाटकोपर

भाऊ विचारतोय, शेडमधल्या उरलेल्या लाकडांतली थोडी हुरड्याच्या शेकोटीला घेतली तर चालतील का. मी हो म्हणून सांगितलंय, तुम्हीही या.